गळाची काठी आणि आपला मानवेल

मंडळी, आज मी तुमच्याशी एका काठीविषयी बोलणार आहे. काठी साधीच, मासे धरण्याची. पावसाळा ओसरला की आपल्या हिंगोलीच्या कयाधूवर डोहाच्या कडेला पोरे बसलेली दिसतात. हातात कुठून तरी तोडून आणलेली शेलाटी, तिला बांधलेला तंगूस, टोकाला गळ, गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, आणि पाण्यावर तरंगणारे मोरपिसाचे देठ. देठ बुडाले की काठीला हिसका! या काठीला पैसा पडत नाही.

आता दुसरी काठी पाहा. नऊ फूट लांब, चार तुकड्यांत सुटी होणारी, वजनाला शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि किंमत सुमारे एक हजार अमेरिकन डॉलर. आपल्या पैशात ऐंशी-नव्वद हजार रुपये. एवढ्यात बाजारातून बऱ्यापैकी बैलजोडी घरी यावी. हीसुद्धा मासे धरण्याचीच काठी. एका शाळेत ही गोष्ट निघाली तेव्हा सातवीतल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, त्या काठीनं मासे जास्त लागतात का?" प्रश्न बिनतोड होता. त्याचे खरे उत्तर असे की, मासे जास्त लागतीलच असे नाही, पण दोर लांब जातो. आणि दोर लांब जावा म्हणून माणसाने ज्या ज्या काठ्या पारखल्या, त्यांच्या हकीकतीत एक फार मोठे पान आपल्या बांबूचे आहे. ते पान आपल्याकडे कुणी वाचत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी हा खेळ समजून घेऊ. त्याला इंग्रजीत फ्लाय फिशिंग म्हणतात. यात आमिष म्हणून गांडूळ नसते. गळावरच पिसे, केस आणि रेशमाचा धागा गुंडाळून खोटी माशी बनवतात. माशीने मासा धरायचा! पण ही माशी पिसासारखी हलकी. ती फेकायची कशी? तुम्ही गोफण चालवली असेल. गोफणीत गुंडा जड असतो आणि दोरी हलकी. गुंडा आपल्या जडपणाने दोरीला ओढत नेतो. इथे सगळे उलटे आहे. टोकाला वजनच नाही. मग वजन दोरालाच द्यायचे आणि दोरच फेकायचा. पोतराजाचा कोरडा आठवा, किंवा गाडीवानाचा आसूड. मूठ थोडीशी हलते, वाकण पुढे पुढे धावत जाते आणि शेवटी टोक सुटून कडाडते. फ्लाय फिशिंगचा दोर असाच हवेत उलगडत जातो. काठी ही त्या आसुडाची लांबलेली मूठ समजा, फक्त वाकणारी. मागे झटका दिला की दोर पाठीमागे सरळ होतो, त्याच्या ओझ्याने काठी वाकते, आणि पुढे आणून एकदम थांबवली की ती सरळ होताना साठवलेला जोर दोराला देऊन टाकते.

म्हणजे काठीकडून दोन गोष्टी हव्यात. वाकताना जोर साठवला पाहिजे आणि सरळ होताना तो पुरता परत दिला पाहिजे. शिवाय स्वतःच्या वजनात तो जोर खाऊन टाकता कामा नये. हे तिन्ही गुण एका वस्तूत मिळणे मोठे कठीण, आणि सगळा इतिहास त्या शोधाचाच आहे.

गळाने मासे धरण्याचा राजेशाही शौक आपल्याकडे जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११३० च्या सुमारास, 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेपलीकडे थोड्याच अंतरावर. शंभर प्रकरणांच्या या ग्रंथात राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सारे काही आहे, आणि त्यातच 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना काय खाऊ घालावे, गळाने त्यांना कसे धरावे हे राजाने त्यात सांगितले आहे. गुरुजनांनी हे मुलांना जरूर सांगावे. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचे मासेमारीवरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले ते १६५३ साली, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षांनी.

वॉल्टनच्या काळातल्या काठ्या बहुधा लाकडाच्या, लांबलचक आणि जड. दोर घोड्याच्या केसांचा, आणि तो बहुतेक काठीच्या शेंड्यालाच बांधलेला. काठी आणि दोर मिळून जेवढे अंतर भरेल तेवढीच धाव. आपली कयाधूवरची पोरे आजही याच पद्धतीने बसतात, आणि त्यांचे काही अडत नाही. पुढे रीळ आले, काठीला कड्या बसल्या, कड्यांतून दोर मोकळा सुटू लागला, रेशमी दोर आले. मग लांब फेकण्याची चुरस सुरू झाली आणि लाकूड अपुरे पडू लागले. दक्षिण अमेरिकेतले ग्रीनहार्ट हे लाकूड चिवट खरे, पण वजनाला भारी. दिवसभर फेकून फेकून खांदा उतरायचा.

इथे आपला बांबू गोष्टीत येतो. एकोणिसाव्या शतकात कलकत्ता बंदरातून विलायतेला आणि अमेरिकेला बांबू जात असे. तिकडे त्याला 'कलकत्ता केन' हे नाव पडले. नाव बंदराचे, माल रानांतला. हा बांबू मुख्यतः मानवेल होता असे मानले जाते. मानवेल म्हणजे नर बांबू, भरीव बांबू. कळकासारखा तो आतून पोकळ डबा नसतो. ओलसर दरीत वाढला तर थोडा पोकळ राहतो, पण कोरड्या, खडकाळ उतारावर वाढला की भिंत जाड होत होत जवळजवळ भरीवच होतो. पैनगंगेच्या काठाने खाली किनवटच्या जंगलाकडे गेलात की याची बेटे दिसतील. पोलिसांची लाठी याची. तंबूची काठी याची. आणि भाल्याचा दांडाही याचाच.

भाल्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. हिंगोली गाव निजामाच्या काळात हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होते. १९०३ साली ती फौज हिंदुस्थानच्या लष्करात मिसळली आणि इथली छावणी संपली. या फौजेत घोडदळ होते आणि त्याच्या पलटणी शेवटी शेवटी भालाईत, म्हणजे लान्सर्स म्हणून ओळखल्या जात. हिंदुस्थानी घोडदळाचा भाला बांबूचा असे, कारण घाव बसल्यावर दांडा लचकतो, पण तुटत नाही. त्याच वर्षांत सातासमुद्रापलीकडे त्याच जातीच्या बांबूला बारीक चिरून लोक मासे धरत होते. छावणीतल्या किती गोऱ्या साहेबांना ठाऊक असेल, की घोडदळाच्या हातातला दांडा आणि आपल्या घरी ठेवलेली किमती काठी एकाच रानातली भावंडे आहेत?

आता 'बारीक चिरून' का म्हणालो ते पाहू. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युअल फिलिप नावाचा बंदुका दुरुस्त करणारा कारागीर होता. सुमारे १८४६ साली त्याने बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून काठ्या बनवायला सुरुवात केली. पुढे मेन प्रांतातल्या हायरम लेनर्डने १८७० नंतरच्या वर्षांत पट्ट्या तासण्याचे यंत्रच बनवले, आणि सहा पट्ट्यांची काठी सर्वत्र रूढ झाली. प्रत्येक पट्टी तिकोनी, तिन्ही कोन साठ अंशांचे. सहा तिकोन जोडले की षट्कोन पुरा होतो. वर्गात कागदाचे सहा समभुज त्रिकोण कापून हे दाखवता येईल. पण खरी मेख पुढे आहे: प्रत्येक पट्टीची बाहेरची, तुळतुळीत बाजू षट्कोनाच्या बाहेरच राहिली पाहिजे.

हे कशासाठी, ते आपल्या बुरुडाला विचारा. तो बांबू फोडतो तेव्हा पाठीकडची बेळ वेगळी ठेवतो आणि पोटाकडची वेगळी. सुपाची, टोपलीची कड पाठीच्या बेळेने बांधतो; पोटाची बेळ जिथे ताण नाही तिथे घालतो. बांबूचा सारा जोर पाठीकडच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये दाटलेल्या तंतूंत असतो, आत गाभा भुसभुशीत. फिलिप आणि लेनर्ड यांनी पुस्तकातून शिकायचे ते बुरुडाच्या घरात पोरगे सहाव्या वर्षी शिकते. फरक एवढाच, की लेनर्डच्या कारखान्यात पट्टीची जाडी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजत. काठीची जाडी कणभर बदलली तरी ताठपणा मणभर बदलतो. भरीव गोल काठीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होत नाही, सोळापट होतो! म्हणून मुठीपासून शेंड्यापर्यंत ती कशी निमुळती होत जाते यावरच तिचे सगळे वळण अवलंबून असते.

गुरुजी, हा प्रयोग शाळेत करण्यासारखा आहे. बुरुडाकडून एकाच बांबूच्या दोन बेळा मागून घ्या, एक पाठीची, एक पोटाची. लांबी, रुंदी, जाडी अगदी सारखी करून घ्या. एक टोक टेबलाला घट्ट बांधा, दुसऱ्या टोकाला वजन टांगा आणि बेळ किती झुकली ते फूटपट्टीने मोजा. मग वजन काढून ती जागेवर किती परत आली तेही मोजा. हे दुसरे मोजमाप विसरू नका. ताठ काठी आणि जोरदार काठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हजार डॉलर मोजणारे पुष्कळ लोकसुद्धा तिथेच फसतात.

मग एवढा गुणी कलकत्ता केन मागे का पडला? विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला बांबू त्याच्या जागी आला. त्यालाही बाजाराने चुकीचेच नाव दिले, टोंकिन. सुई नदीच्या खोऱ्यातला हा बांबू सरळसोट, पेरी लांब, पाठीचे तंतू दाट. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लॉइड मॅक्क्ल्यूर याने १९३१ साली त्याचे शास्त्रीय नामकरण केले, आणि नाव दिले 'अमाबिलिस', म्हणजे लोभस. आपल्या मानवेलाची पेरी आखूड, गाठी जवळजवळ. गाठ आली की तंतू वाकडा जातो आणि तिथे काठी कमजोर. हा दोष खरा, तो झाकण्यात अर्थ नाही.

पण दुसरी दोन कारणे बांबूची नव्हती, माणसांची होती. कलकत्त्याहून येणाऱ्या मालावर जळाचे डाग असत, आणि डागाखालचे तंतू मेलेले निघत. हे डाग कुठल्याशा धार्मिक विधीचे आहेत अशीही कथा तिकडे सांगितली जाई! विधी कसला? आपल्याकडे लाठी सरळ करायची तर जाळावर शेकतात, आणि शेकणारा हात बेफिकीर असला की ती करपते. दुसरे कारण भुंगा. कोवळा बांबू तोडला, किंवा रसात असताना तोडला, की त्यातल्या पिठूळ अंशावर भुंगा तुटून पडतो आणि काही महिन्यांत पांढरे पीठ गळू लागते. अंधाऱ्या पक्षात तोडावा असे आपले जुने लोक म्हणतात. चंद्राचे मला कळत नाही, पण तीन वर्षांपुढचा बांबू पावसाळा सरल्यावर तोडावा आणि काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा, हे पटण्यासारखे आहे. चीनमधले लोक बांबू धुऊन, वाळूने घासून, उन्हात वाळवून, निवडून गठ्ठे बांधत. आपल्याकडे तोडणारा एक, वाहणारा दुसरा, विकणारा तिसरा. ही काठी शेवटी कोणाच्या हातात आणि कशासाठी जाणार, हे तोडणाऱ्याला कुणी सांगितलेच नव्हते. दोष त्याच्या पदरी टाकणे मला अन्यायाचे वाटते.

आणि एकदा दार पुन्हा उघडले होते. १९५० च्या डिसेंबरात कोरियाच्या युद्धामुळे अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. टोंकिन मिळेनासा झाला, आणि ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. वीस वर्षे! त्या वीस वर्षांत मानवेलाला जुनी जागा मिळू शकली असती का? मला वाटते, थोडीफार मिळाली असती. पण दाराशी कोणी उभे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या काठ्या निघाल्याच होत्या. त्या स्वस्त, पाण्याला न भिणाऱ्या, आणि कारखान्यात हव्या तितक्या होणाऱ्या. मोकळी जागा त्यांनी घेतली. पुढे इंग्लंडातल्या फार्नबरो इथल्या सरकारी विमान-संशोधन केंद्रात १९६४ च्या सुमारास बळकट कार्बन तंतू तयार झाला. तो विमानांसाठी होता, पण १९७३ साली अमेरिकेत त्याच्या काठ्या बाजारात आल्या. बांबूपेक्षा कितीतरी हलक्या, आणि त्या मानाने कितीतरी ताठ. हजार डॉलरची म्हणून सुरुवातीला सांगितली ती हीच.

आपल्याकडे बांबूची गोष्ट मात्र कायद्यात अडकली होती. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाड म्हटले. बांबू हे खरे तर गवत आहे, ज्वारीच्या धाटाचे चुलत भावंड. पण कायद्याने झाड म्हटले की तोडायला आणि न्यायला परवाना. आपल्या शेताच्या बांधावरचा बांबू नेतानाही कागद लागे. २०११ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा परवाना हाती मिळाला. आणि २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. नव्वद वर्षांनी गवत पुन्हा गवत झाले.

बरे, आज कोणाला अशी काठी घ्यायचीच झाली, परदेशातल्या लेकाने विचारले, "बाबा, कुठली आणू?" तर काय सांगावे? किंमत पाहण्याआधी काठीवर छापलेला क्रमांक पाहावा. हा क्रमांक दोराच्या वजनाचा. अमेरिकेतल्या साहित्य-उत्पादकांनी १९६१ साली हे प्रमाण ठरवले: दोराच्या पुढच्या तीस फुटांचे वजन. पाच क्रमांकाचा दोर सुमारे ९ ग्रॅम, आठचा १३.६ ग्रॅम, दहाचा १८ ग्रॅम. आपले दहा रुपयांचे नाणे पावणेआठ ग्रॅमच्या आत-बाहेर आहे, त्यावरून अंदाज करा. वारा आणि लांबचे पाणी असेल तर आठ क्रमांक आणि नऊ फूट लांबी ही सरधोपट निवड. पण आठ क्रमांकाच्या काठीला पाचचा दोर लावला तर ती वाकणारच नाही, आणि न वाकलेली काठी जोर कुठून देणार?

मग काठी जोडून हातात घ्यावी, झटका द्यावा आणि एकदम थांबवावी. शेंडा दोन-तीनदा डुलून शांत झाला तर उत्तम. डुलतच राहिला तर दोरातही लाटा उठतील आणि अंतर खाऊन टाकतील. दुकानात नुसती हलवून समाधान मानू नये. दोर लावून, मोकळ्या मैदानात, आधी जवळ आणि मग लांब फेकून पाहावी. पुष्कळ महागड्या काठ्या पंचवीस मीटरवर राजा असतात आणि आठ मीटरवर नुसता बांबू, वाईट अर्थाने. ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्याला थोडी मऊ काठीच लांब फेकू देते, कारण ती कधी वाकली हे त्याच्या हाताला कळते.

आणि पाणी कुठले, हेही विचारावे. इसापूर किंवा सिद्धेश्वर धरणाच्या फुगवट्यावर वारा तोंडावर येतो, तिथे अंतराला किंमत आहे. कयाधूच्या डोहात मरळ धरायला पंचवीस मीटर फेकलेत तर गळ पलीकडच्या बाभळीत! धरणांत मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. भोई बांधवांचे पोट त्या पाण्यावर आहे. आणखी एक, आणि हे अगदी ध्यानात ठेवा: कार्बन हा विजेचा वाहक आहे. शेतावरून गेलेल्या तारांखाली कार्बनची काठी उभी धरणे म्हणजे जिवावर बेतणे. ओला बांबूही तिथे नको.

कुणाच्या माळ्यावर जुन्या साहेबाच्या वेळची षट्कोनी बांबूची काठी निघालीच, तर ती भंगारात देऊ नका. खिडकीशी नेऊन पाहा. पेरी आखूड असतील, गाठी दर वितीला येत असतील आणि अंगावर तपकिरी करपल्याचे डाग असतील, तर ती कलकत्ता केनची असण्याचा बराच संभव आहे. तिला भिंतीला टेकवून ठेवू नये, वाक बसतो. कापडी पिशवीत घालून खुंटीला उभी टांगावी, आणि पावसाळ्यानंतर एकदा सावलीत वारा द्यावा.